नापसंतीचे कारण विचारा: नाशिकच्या चर्चागटांच्या ॲडमिन मंडळींना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहरातील व जिल्ह्यातील ऑनलाइन चर्चागट चालवणाऱ्या सर्व ॲडमिन मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या गटांमध्ये मतभेद झाला की तो कसा हाताळला जातो, त्याविषयी हे पत्र आहे. सोसायट्यांचे गट, प्रभागांचे गट, माजी विद्यार्थ्यांचे, गोदावरीच्या स्वच्छतेसाठी धडपडणाऱ्यांचे, निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांचे, कांदा उत्पादकांचे असे किती तरी गट आज या जिल्ह्यात चालू आहेत आणि माणसे एरवी जे चारचौघांत बोलली असती त्यातील बरेचसे आता तिथेच बोलतात. घंटागाडी का आली नाही इथपासून २०२७ च्या सिंहस्थाची कामे कशी व्हावीत इथपर्यंतचे विषय तिथे निघतात. हे गट चालवण्याचा आपल्याला काही मोबदला मिळत नाही, रात्री-अपरात्री तक्रारी मात्र येतात, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे हे पत्र दोष देण्यासाठी लिहिलेले नाही. तरीही आपल्या हाती जो अधिकार आहे तो सभेच्या अध्यक्षाच्या अधिकाराहून मोठा आहे, कारण अध्यक्षाला सभासदाचे शब्द पुसून टाकता येत नाहीत आणि आपल्याला ते येतात. म्हणूनच थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

माझे म्हणणे एवढेच आहे की कारण न देता दाखवलेली नापसंती आणि कारण देऊन केलेला विरोध या दोन गोष्टींना आपण आज एकाच मापाने मोजतो, किंबहुना उलट मापाने मोजतो. बिनकारण नापसंती कुणालाच त्रासदायक वाटत नाही, कारण ती एका अंगठ्यात किंवा एका रागीट चेहऱ्यात संपते. सविस्तर विरोध मात्र ‘वाद’ ठरतो आणि ‘गटाचे वातावरण बिघडते’ म्हणून थांबवला जातो. जे थांबवायला हवे ते चालू राहते आणि जे चालू राहायला हवे ते आपण थांबवतो.

एक उदाहरण जरा जवळून पाहू. आमच्या घरची द्राक्षबाग असल्यामुळे बागायतदारांच्या एका गटात मीही आहे. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळांसाठी केल्या जाणाऱ्या छाटणीनंतर, बागा फुलोऱ्यात असताना अवकाळी पाऊस झाला आणि डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने गटात फवारणीचे प्रश्न सुरू झाले. एका अनुभवी माणसाने एक औषध सुचवले. त्यावर एका तरुण बागायतदाराने लिहिले की हे औषध मागच्या फवारणीच्या औषधाच्याच रासायनिक गटातले आहे, एकाच गटातली औषधे पाठोपाठ मारली तर बुरशी त्यांना दाद देईनाशी होते, तेव्हा या वेळी औषधाचा गट बदलावा. मुद्दा तांत्रिक होता, नम्रपणे मांडलेला होता आणि पीकसंरक्षणाच्या कोणत्याही अधिकृत शिफारशीत सापडेल असाच होता. त्याच्या संदेशाखाली पाहता पाहता खाली वळलेल्या अंगठ्यांची रांग लागली. कुणीही एक शब्द लिहिला नाही.

त्या अंगठ्यांचा अर्थ काय घ्यायचा? माहिती चुकीची आहे असा, वडीलधाऱ्या माणसाला सर्वांसमोर टोकू नये असा, की अवकाळीने जीव टांगणीला लागलेला असताना शास्त्र शिकवू नकोस असा? प्रश्न विचारणारा शेतकरी पंप भरायच्या तयारीत होता. त्याला या तिन्हींतला फरक कळणे गरजेचे होते आणि अंगठ्यांवरून तो कळणे शक्य नव्हते. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढरोधक रसायनाच्या अंशांमुळे आपली द्राक्षे युरोपात नाकारली गेली, ते दिवस ज्यांनी सोसले आहेत त्यांना तरी निराळे सांगायला नको की बागेत काय मारायचे याविषयीचा मतभेद हा अख्ख्या हंगामाच्या पैशांचा प्रश्न असतो.

पुढे जे घडले ते मला मोलाचे वाटते. रात्री उशिरा गटातील एका ज्येष्ठ बागायतदाराने त्या तरुणाला उद्देशून लिहिले, ‘भाऊ, तुझा मुद्दा बरोबर आहे. पण एवढ्या दमट हवेत बाग मोकळी सोडता येत नाही. नुसते नको म्हणून भागणार नाही, त्याऐवजी दुसऱ्या गटातले काय घ्यायचे ते सांग.’ तरुणाने ते सांगितले. मग ज्यांनी मूळ औषध सुचवले होते त्यांनीही, आपण ते का सुचवले याचे कारण दिले आणि दोघांचे जिथे जुळत नव्हते तेवढाच मुद्दा शिल्लक राहिला. तो मुद्दा घेऊन दुसऱ्या दिवशी लोकांनी कृषी विज्ञान केंद्रात विचारणा केली. मतभेद हाताळणे म्हणजे काय, ते त्या दोन-तीन ओळींत होते. आधी समोरच्याचे जे बरोबर आहे ते मान्य केले गेले, मग त्यात काय अपुरे आहे ते सांगितले गेले आणि पुढची जबाबदारी त्याच्यावरच सोपवली गेली. खेदाची गोष्ट इतकीच की हे एका सभासदाला सुचले म्हणून झाले. गटाची अशी काही रीत नव्हती.

नापसंती कशी दाखवू द्यावी, हा प्रश्न मोठमोठ्या कंपन्यांनाही सुटलेला नाही. फेसबुकवर ‘नापसंत’ असे बटण असावे ही मागणी वर्षानुवर्षे होत होती. २०१६ साली त्यांनी राग, दुःख, आश्चर्य असे चेहरे दिले, पण नापसंतीचे बटण दिले नाही. यूट्यूबने नोव्हेंबर २०२१ पासून नापसंतीचा आकडा प्रेक्षकांपासून लपवला आणि ठरवून केल्या जाणाऱ्या नापसंतीच्या हल्ल्यांचे कारण पुढे केले. रेडिट या चर्चास्थळाच्या शिष्टाचारात स्पष्ट लिहिलेले आहे की मत पटले नाही एवढ्यासाठी कुणाला उणे मत देऊ नये, चर्चेत काहीच भर न घालणाऱ्या मजकुरासाठीच ते वापरावे. हा नियम तिथे रोज मोडला जातो हेही खरे आहे, कारण तो पाळायला लावणारे काहीच बटणात नाही. मला यांतली सर्वांत विचारपूर्वक केलेली योजना संगणक-प्रणालीकारांच्या स्टॅक ओव्हरफ्लो या स्थळावरची वाटते. तिथे दुसऱ्याच्या उत्तराला उणे मत दिले की देणाऱ्याचा स्वतःचाही एक गुण कापला जातो. नापसंतीला थोडी का होईना किंमत मोजावी लागते, म्हणून हात जरा थबकतो.

आपल्याकडचे बहुतेक गट व्हॉट्सॲपवर आहेत. तिथे २०२२ साली संदेशावर चिन्हाने प्रतिक्रिया देण्याची सोय आली. त्याआधी न पटलेल्या संदेशाला वेगळा संदेश पाठवूनच उत्तर द्यावे लागे आणि तो लिहिताना माणूस नकळत कारणाकडे वळे. आता ते लिहिणे सुटले. ही सोय वाईट आहे असे मी म्हणत नाही. ‘उद्या पाणी येणार नाही’ या सूचनेवर शंभर जणांनी ‘ठीक आहे’ लिहिण्यापेक्षा शंभर अंगठे बरे. पण जिथे मतांचा प्रश्न आहे तिथे तीच सोय लोकांना उत्तर देण्याच्या कष्टातून मोकळे करते आणि उत्तर दिल्याचे समाधान मात्र पुरेपूर देते.

नापसंती दिसली की माणूस सुधारतो, असा आपला समज आहे. अभ्यास तसे सांगत नाहीत. २०१४ साली काही संशोधकांनी चार मोठ्या संकेतस्थळांवरील वाचकांच्या प्रतिक्रिया तपासल्या. ज्यांच्या लेखनाला नापसंती मिळाली होती ते गप्प बसले नव्हते. ते आधीपेक्षा अधिक लिहू लागले होते, त्यांच्या लिखाणाचा दर्जा खालावला होता आणि दुसऱ्यांना नापसंती देण्याचे त्यांचे प्रमाण वाढले होते. गट सोडून जाण्याची शक्यता सर्वांत जास्त कुणाची होती, तर ज्यांना कसलाच प्रतिसाद मिळाला नाही त्यांची. आपल्या गटांतले नेहमीचे भांडखोर सभासद आठवून पाहा. त्यांपैकी किती जणांना कधी काळी त्यांच्या मुद्द्याचे सरळ उत्तर मिळाले होते, हा प्रश्न मला फार दिवस सतावतो आहे.

दुसरा एक प्रयोग २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. त्यात एका बातमीस्थळावरील प्रतिक्रियांना, त्या लिहिल्या जाताक्षणीच, संशोधकांनी यादृच्छिकपणे एक अनुकूल किंवा एक प्रतिकूल मत देऊन ठेवले. ज्या प्रतिक्रियांना सुरुवातीला एक खोटे अनुकूल मत मिळाले होते त्यांचा अखेरचा गुणांक सरासरीने २५ टक्क्यांनी फुगला. खोटे प्रतिकूल मत मिळालेल्या प्रतिक्रियांना मात्र काही वाचकांनी आपणहून अनुकूल मत देऊन सावरून घेतले. यातला पहिला भाग आपल्यासाठी महत्त्वाचा आहे, कारण गटात ॲडमिनचा पहिला अंगठा कुणाच्या संदेशावर पडतो याकडे सगळ्यांचे लक्ष असते. दुसरा भाग मला दिलासा देतो. अन्याय दिसला तर तो भरून काढणारी माणसे असतात. त्यांना तेवढी सवड आणि अभय मिळायला हवे.

आता शहराच्या एका ताज्या जखमेविषयी लिहिते. सिंहस्थात साधूंच्या मुक्कामासाठी उभारल्या जाणाऱ्या साधुग्रामासाठी तपोवनातील झाडे तोडण्याचा विषय निघाला तेव्हा नाशिक ढवळून निघाले. मी स्वतः झाडांच्या बाजूची होते आणि आजही आहे. त्या दिवसांत माझ्या परिचयाच्या एका गटात एका सभासदाने प्रशासनाच्या बाजूने लिहिले. लाखो भाविक येणार, साधूंच्या आखाड्यांना जागा लागणार, ती तपोवनात नको तर कुठे, शहराबाहेर नेल्यास रामकुंडापर्यंतच्या गर्दीचे काय, असे त्यांचे प्रश्न होते. भाषेत कुठेही तोल गेलेला नव्हता. त्याखाली आधी रागाचे चेहरे आले, मग ‘कुणाची सुपारी घेतली’ अशी विचारणा झाली, मग कुणी तरी त्यांच्या व्यवसायाचा संबंध ठेकेदारांशी जोडला. त्यांनी दोनदा ‘माझ्या प्रश्नाचे उत्तर द्या’ असे लिहिले. तिसऱ्यांदा त्यांचा स्वर चढला आणि त्यानंतर गटात त्यांना काढल्याची ती बारीक अक्षरांतली ओळ उमटली. ‘सुपारी’ म्हणणारे गटातच राहिले. सकाळी गणपतीच्या चित्रासह सुप्रभात आले आणि त्यांचे प्रश्न वर सरकून दिसेनासे झाले.

त्या गृहस्थांचे मत मला पटले नव्हते, पण त्यांच्या प्रश्नांना उत्तरे होती आणि ती आम्हाला देता आली असती. पर्यायी जागा कोणत्या, तात्पुरत्या निवाऱ्यांची आखणी झाडे राखून कशी करता येईल, पुनर्रोपणाचा दावा कितपत टिकतो, हे सगळे लिहिता आले असते आणि आमचीच बाजू त्यातून अधिक घट्ट झाली असती. ज्या बाजूला एकदाही उलट प्रश्नाला तोंड द्यावे लागत नाही ती बाजू महापालिकेच्या सुनावणीत किंवा न्यायालयात पहिल्याच प्रश्नाला अडखळते. गटातून विरोधक काढून टाकला म्हणून शहरातून तो नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या गटात जातो आणि तिथे आपल्यासारखा कुणी नसतो.

त्या प्रसंगानंतर त्या गटातले किती जण गप्प झाले असतील, याचा अंदाज करता येतो. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. समोरच्या तीन रेषांपैकी कोणती रेषा नमुन्याइतकी लांब आहे, हे उघड दिसत असतानाही, खोलीतले बाकीचे सगळे ठरवून चुकीचे उत्तर देऊ लागले की ज्यांच्यावर प्रयोग चालला होता त्यांच्या उत्तरांपैकी सुमारे एक तृतीयांश उत्तरे बहुमताच्या चुकीला धरून जात. मात्र खोलीत आणखी एका माणसाने जरी बरोबर उत्तर दिले, तरी हे प्रमाण झपाट्याने खाली येई. वेगळे बोलणारा एक माणूस गटात असणे म्हणजे काय, ते या प्रयोगातून समजते. तो माणूस काढला की त्याच्यासोबत त्याच्यामुळे बोलू शकणारे आणखी कित्येक जण गप्प होतात आणि त्यांची नावे कुठेही दिसत नाहीत.

व्हॉट्सॲपने २०२२ सालीच आणखी एक बदल केला. कुणी गट सोडला की पूर्वी सगळ्यांना तशी ओळ दिसे; आता ती सूचना फक्त ॲडमिनना मिळते. म्हणजे एखाद्या भांडणानंतर कोण कोण मुकाट्याने निघून गेले, हे ताबडतोब आपल्यालाच कळते. बाकीच्यांना गट भरलेला आणि एकमताचा वाटत राहतो. आपल्याला कळते ते इतरांना सहजासहजी कळत नाही, म्हणून त्या माहितीचे काय करायचे याची जबाबदारीही आपलीच आहे. निघून गेलेल्या माणसाला व्यक्तिशः एक निरोप पाठवून ‘का गेलात’ एवढे विचारणे ही त्यातली पहिली पायरी असावी असे मला वाटते.

आपल्यापैकी अनेक जण कायद्याच्या भीतीने हात आखडता घेतात हेही मला माहीत आहे. ‘कुणी काही लिहिले तर पोलीस ॲडमिनला धरतात’ असे सर्रास बोलले जाते. याबाबतीत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली दिलेला निर्णय आपण अवश्य समजून घ्यावा. गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात न्यायालयाने म्हटले की सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला कट दिसत नसेल तर, केवळ ॲडमिन असल्याच्या कारणावरून कुणाला जबाबदार धरता येत नाही. त्याआधी २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकूर पाठवणे हा गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले होते. ते प्रकरण ज्या घटनांमुळे उभे राहिले त्यांतील एक आपल्याच राज्यातली होती. पालघरमध्ये २०१२ साली दोन तरुणींना फेसबुकवरील एका पोस्टवरून अटक झाली आणि त्यांतील एकीने तर ती पोस्ट फक्त लाइक केली होती. एखाद्या मताची चर्चा करणे, अगदी अप्रिय मताचा पुरस्कार करणेसुद्धा, वेगळे आणि लोकांना हिंसेसाठी चिथावणे वेगळे, ही रेषा त्या निकालाने आखून दिली आहे. ज्या मोकळिकीसाठी लोकांना न्यायालयापर्यंत जावे लागले ती आपण आपल्या सोसायटीच्या गटात एका बोटाने काढून घेऊ नये.

याचा अर्थ कुणालाच काढू नये असा नाही. धमकी, जातीवरून किंवा धर्मावरून केलेली हेटाळणी, स्त्रियांविषयी असभ्य मजकूर, कुणाचा खासगी फोन नंबर किंवा पत्ता उघड करणे, या गोष्टींना एकही संधी देऊ नये. संदेश पुसावा, माणूस काढावा आणि गरज पडली तर पोलिसांकडे जावे. या बाबतीत आपले अनेक गट उलट फारच सौम्य आहेत. विशेषतः बाईने मतभेद नोंदवला की तिच्या मताऐवजी तिच्या घरावर, नवऱ्यावर, दिसण्यावर बोलणारे महाभाग प्रत्येक गटात आहेत आणि त्यांच्याकडे ‘त्यांचा स्वभावच तसा आहे’ म्हणून काणाडोळा केला जातो. गटाच्या शांततेची खरी हानी तिथे होते.

मतभेद सांभाळण्याची रीत आपल्याला बाहेरून आणावी लागणार नाही. नाशिक हा सहकारी संस्थांचा जिल्हा आहे. पतसंस्था, विविध कार्यकारी सोसायट्या, गृहनिर्माण संस्था यांच्या सभा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिल्या आहेत. तिथे सभासद एकमेकांशी न बोलता अध्यक्षांना उद्देशून बोलतात, म्हणून शब्दांची धार थोडी बोथट होते. ठराव बहुमताने मंजूर झाला तरी ज्याचा विरोध आहे त्याला ‘माझा विरोध नोंदवून घ्या’ असे म्हणता येते आणि इतिवृत्तात तसे लिहिले जाते. विरोध हरतो, पण पुसला जात नाही. पुढच्या वर्षी तोच विषय पुन्हा आला तर कुणी काय इशारा दिला होता ते कागदावर सापडते. ऑनलाइन गटांत ही एकच सवय आली तरी पुष्कळ फरक पडेल.

आणि याहून मोठे उदाहरण हवे असेल तर संविधान सभेचे घ्यावे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले की मसुद्याला सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. त्याच भाषणात त्यांनी कामत, पंजाबराव देशमुख, के. टी. शाह, कुंझरू अशा सतत विरोधी सूर लावणाऱ्या सदस्यांचा नावानिशी उल्लेख केला आणि त्यांचे आभार मानले. त्यांच्या सूचना मी स्वीकारल्या नाहीत म्हणून त्या सूचनांचे मोल कमी होत नाही, असे ते म्हणाले. हे सदस्य नसते तर संविधानामागची तत्त्वे उलगडून सांगण्याची संधीच मला मिळाली नसती, असेही त्यांनी सांगितले. ज्या नगरीत काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी त्यांनी १९३० साली सत्याग्रह सुरू केला आणि अवघ्या शहराची नापसंती काय असते ते अनुभवले, त्या नगरीतल्या आपण माणसांनी तरी हे भाषण विसरू नये. विरोधकाचे ऐकून घेणे आणि त्याचे मान्य करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपल्याला नेहमीच करता येते.

आता नेमकी विनंती. गटाच्या माहितीत, सर्वांना दिसेल अशा ठिकाणी, इतके लिहून ठेवावे की मतांच्या प्रश्नावर नुसत्या चिन्हाने नापसंती दाखवू नये. न पटल्यास एका वाक्यात का होईना कारण लिहावे, आणि लिहायचे नसेल तर तो संदेश सोडून द्यावा. कुणी खाली वळलेला अंगठा दिलाच, तर आपण त्याखाली शांतपणे ‘कारण सांगाल का’ असे विचारावे. हे काही दिवस सातत्याने केले की लोकांना वळण लागेल. विचारण्यात उलटतपासणीचा सूर येऊ नये, याची काळजी मात्र घ्यावी लागेल, कारण ॲडमिनने विचारले की अनेकांना आपण सापडलो असे वाटते.

ज्या वादात आपण स्वतः एक पक्ष आहोत त्यात निर्णय आपण देऊ नये, दुसऱ्या ॲडमिनकडे सोपवावा. एकच ॲडमिन असेल तर आजच आणखी दोघांना सोबत घ्यावे, आणि त्यांतला एक तरी आपल्याशी नेहमी सहमत नसणारा असावा. कुणाला काढण्याआधी त्याला व्यक्तिशः कळवावे, कोणत्या वाक्यामुळे ही वेळ आली ते सांगावे आणि ते वाक्य मागे घेण्याची संधी द्यावी. काढलेच तर गटात एका ओळीत कारण लिहावे आणि मुदत सांगावी. आठवडाभराने परत घेता येते. कायमचे काढण्यासारखे गुन्हे फार थोडे असतात. माणूस गेला तरी त्याने विचारलेला रास्त प्रश्न गटात शिल्लक आहे हे लक्षात ठेवून त्याचे उत्तर कुणी तरी द्यावे, असे आपण सुचवावे.

चर्चा फार तापली की ‘फक्त ॲडमिनच लिहू शकतील’ अशी कळ दाबण्याची सोय आपल्याकडे आहे. ती रात्रीपुरती वापरणे शहाणपणाचे ठरते, मात्र सकाळी गट उघडताना विषय बंद झाला असे जाहीर करू नये. काल कुठपर्यंत आलो होतो, कोणत्या मुद्द्यावर दोन्ही बाजूंचे जुळले आणि कोणता मुद्दा राहिला, हे चार ओळींत लिहून तिथून पुढे सुरुवात करावी. हेच आपले इतिवृत्त. ते लिहिताना ज्यांचे मत आपल्याला आवडले नाही त्यांचेही म्हणणे असे लिहावे की वाचून ते स्वतः म्हणतील, ‘हो, मी हेच म्हणालो होतो.’ ही कसोटी कठीण आहे, पण गटाचा विश्वास हिच्यावरच उभा राहतो.

वस्तुस्थितीच्या प्रश्नांना मात्र वेगळे वागवावे लागेल. बिबट्या दिसल्याची चित्रफीत आली आणि कुणी ‘ही जुनी आहे, दुसऱ्या गावची आहे’ असे म्हटले, तर तिथे दोन मते नसतात; खरे-खोटे असते. आपल्या शहराच्या कडेला बिबटे खरोखरच येतात, त्यामुळे अशा वेळी शंका घेणाऱ्यावर ‘तुम्हाला लोकांच्या जिवाचे काही नाही’ असा ठपका चटकन बसतो. ॲडमिनने तत्काळ त्या शंका घेणाऱ्याच्या पाठीशी उभे राहावे, चित्रफीत टाकणाऱ्याला ती कुठून मिळाली ते विचारावे आणि वनविभागाकडून खातरजमा होईपर्यंत ती पुढे पाठवू नये असे सांगावे.

हे सगळे सुरू केले की पहिले काही आठवडे गटातले संदेश कमी होतील. ज्यांना फक्त अंगठा दाखवायची सवय आहे ते थोडे नाराज होतील, काही जण ‘इथे आता फार नियम झाले’ म्हणून निघूनही जातील आणि आपल्याला वाटेल की गट मोडकळीला आला. तेवढ्यात निर्णय फिरवू नये. ज्यांनी बरेच दिवस काही लिहिलेले नाही अशांपैकी कुणी तरी एखाद्या संध्याकाळी ‘मला हे पटत नाही, कारण’ अशी सुरुवात करून लिहील. त्या संदेशाला पहिले उत्तर आपण द्यावे, ते गटातच सर्वांसमोर द्यावे आणि त्याच्या कारणापासूनच सुरू करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
नाशिकमधील काही चर्चागटांची एक सभासद